'आकस' आणि 'डूख' एकच का?

सांडगा : सोसायटीतल्या एका सभासदाचा तक्रार अर्ज तपासत होतो. 'सेक्रेटरींनी माझ्यावर डूख धरून पार्किंगची जागा काढून घेतली.' मी 'डूख धरून' खोडून 'आकसाने' केलं, तर गडी भडकला. माझं म्हणणं, डूख धरायला आधी शेपटीवर पाय पडावा लागतो. यांनी सेक्रेटरींचं काही बिघडवलेलं नाही, ते नुसते त्यांच्या डोळ्यांत खुपतात. हा आकसच. पेपरात 'आकसापोटी बदली' असतं, 'डुखापोटी बदली' कुणी वाचलंय?

उंबरठा : पेपरवाल्यांना डूख गावठी वाटतो, एवढंच. नागपंचमीची कहाणी आठवा. नांगराच्या फाळाने पिल्लं मेली, नागीण शेतकऱ्याचं अख्खं घर डसली. वर सासरी असलेल्या लेकीलाही डसायला निघाली. तिने कुठे पाय दिला होता?

सांडगा : पण सुरुवात फाळानेच झाली ना! आणि लेक पाटावर नाग काढून दूध-लाह्या दाखवताना दिसली, तशी नागीण निवली. डूख असा फिटतो तरी. आकस कशाने फिटणार? त्याला मूळच नसतं.

तिखटमीठ : मुळात साप डूख धरत नाही. कुणी मारलं हे लक्षात ठेवून माग काढणं त्याला जमत नाही. सर्पमित्र सांगून थकले.

उंबरठा : सापाला नसेल जमत, आमच्या भावकीला जमतं. बांध फूटभर सरकवला म्हणून आमच्या चुलत्यांनी अकरा वर्षं काही न बोलता काढली आणि बाराव्या वर्षी, ऐन लग्नसराईत, वऱ्हाडाची वाट अडवली. याला आकस म्हणून बघा, पाणचट वाटेल.

खलबत्ता : मला फरक खुर्चीचा वाटतो. आकस साहेबाचा असतो, हाताखालच्याचा डूख.

सांडगा : नाही पटत. 'साहेबाविरुद्ध आकसापोटी खोटी तक्रार' हे रोजचंच आहे.

खलबत्ता : बरं, खुर्ची राहू दे. पण तुमच्या सभासदाला विचारलंत का, आधी काही घडलं होतं का?

सांडगा : आत्ताच विचारून आलो. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत यांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची बिलं मागितली होती, सगळ्यांसमोर. सेक्रेटरी तेव्हा हसून 'दाखवू की' म्हणाले होते. अर्ज अजून माझ्याकडेच आहे. 'डूख' परत लिहितो.