घरच्या कॉम्प्युटरात जागा कशी वाढवली? मराठवाड्यातल्यांनी आपापले अनुभव लिहा

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर
मंडळी नमस्कार. माझा डेस्कटॉप २०१७ चा, आत १ टीबीची हार्ड डिस्क. दिवाळीच्या सुट्टीत पोरानं रेड डेड रिडेम्प्शन २ हा गेम टाकायला घेतला तर तो एकटाच १५० जीबी मागायला, आणि इकडं सी ड्राइव्ह पण भरून लाल, डी पण लाल. पिक्चर काढून टाकावेत म्हणून बसलो तर दोन तासांत चारच निघाले, बाकीच्यांवर हात जाईना. आता आतली हार्ड डिस्क वाढवावी, एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवरची वेगवान डिस्क) टाकावी का बाहेरून यूएसबीची लावावी? दुकानात काय सांगतात ते ऐकून झालंय, तुमच्या घरी काय झालं ते पाहिजे. आपल्याकडची लाइट आणि आपल्याकडचा मे महिना धरून सांगा.

गोदाकाठ, नांदेड
आधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचं नाव वाचा आणि त्याचं मॅन्युअल उतरवून घ्या, मग खरेदीला जा. मी हे न करता एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान जातीची एसएसडी आणली. स्लॉटात बसली मस्त, तो तिळाएवढा स्क्रू पण लागला, चालू केलं तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) दिसंचना. तीनदा काढून लावली. शेवटी मॅन्युअल बघितलं तर त्या एम.२ स्लॉटला (एसएसडीची पट्टी बसवायची जागा) फक्त साटावालीच, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जुन्या जोडणीवर चालणारी, चालते असं स्पष्ट लिहिलेलं. दिसायला दोन्ही सारख्याच बोटभर पट्ट्या, पण एनव्हीएमईला बहुतेक एकच खाच असते आणि साटावालीला दोन. दुकानदार ओळखीचा म्हणून बदलून दिली. साटा म्हणजे सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला तेवढंही लई आहे, पूर्वी विंडोज चालू करून मी चहा करायला जायचो.
अजून एक, एम.२ लावल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली तर घाबरू नका. काही बोर्डांवर एम.२ भरला की एखादं साटा पोर्ट बंद पडतं. वायर शेजारच्या पोर्टात घातली की डिस्क परत येते. आमचे भाऊजी डिस्क मेली म्हणून रात्रभर झोपले नव्हते.

ज्वारीचं रान, परभणी
माझा जुना लॅपटॉप. त्यातला डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथं कॅडी (डिस्क बसवायची चौकट) टाकली, जुनी हार्ड डिस्क कॅडीत आणि मूळ जागेवर एसएसडी. कॅडी घेताना जाडी मोजून घ्या, ९.५ मिमी आणि १२.७ मिमी अशा दोन येतात आणि एकाच्या जागी दुसरी बसत नाही. बाकी काही अवघड नाही.

गंजगोलाई, लातूर
मी गेम खेळत नाही, पण माझं लिहिते कारण पिक्चरच्या डिस्कवरच माझं सगळं होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हाचे माझ्या मोबाईलवरचे व्हिडिओ, स्टेशनवरची गर्दी, आमच्या गल्लीतली घागरींची रांग, त्या रांगेत बसलेली माझी सासू, जी आता नाही. हे सगळं २ टीबीच्या एकाच बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तीनेकशे पिक्चरच्या शेजारी. जागा आहे ना, मग ठेवलं, एवढाच विचार.
गेल्या मे मध्ये दुपारी लाइट तीन-चार वेळा गेली आली, कॉपी चालू होती. चौथ्यांदा लावली तर आतून टक, टक, टक, मग शांत, परत टक टक. मुलानं क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून दाखवलं, पिवळं 'कॉशन', रीअलोकेटेड आणि पेंडिंग दोन्ही सेक्टरांपुढे (म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि खराब होत आलेल्या जागा) आकडे. तो म्हणाला आई आता हिला हात लावू नको, स्कॅन नको की फॉरमॅट नको. त्याच दिवशी नवी डिस्क आणली आणि आधी माझा फोल्डर काढला, पिक्चर नंतर. पिक्चर निम्मे गेले त्याचं काही नाही. व्हिडिओतल्या दोन फायली आल्या नाहीत, त्यातली एक रांगेची होती.
आणि इन्व्हर्टरला मागं एक बटण असतं, इको आणि यूपीएस असं. आमचं चार वर्षं इकोवर होतं. त्याच्यात लाइट गेली की क्षणभर खंड पडतो, पंख्याला कळत नाही पण कॉम्प्युटर बंद होऊन चालू होतो. यूपीएसवर केल्यापासून एकदाही बंद पडला नाही. व्होल्टेज कमी असलं की बॅटरीवर जास्त वेळा जातो, ते चालतंय. जाऊन आत्ता बघा तुमचं कशावर आहे ते.

मोसंबी बाग, जालना
ताई, वाचून कसंतरी झालं.
माझं फसवणुकीचं. ऑनलाइन २ टीबीचा पेन ड्राइव्ह एकदम स्वस्तात घेतला. विंडोजमध्ये २ टीबी दिसायलाय, पिक्चर टाकले, नावं दिसायलीत, पण लावले की चालंनात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं, खरी जागा ३२ जीबी निघाली. आकडा फक्त आत खोटा भरलेला असतो. नवं काही घेतलं की पॅकिंग फेकायच्या आधी ही टेस्ट करा, मोठ्याला रात्रभर लागली तरी करा.

बालाघाट, बीड
१ टीबी घेतली आणि ९३१ जीबीच दिसली तर मात्र ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून फरक पडतो.
मी ४ टीबीची आतली हार्ड डिस्क घेतली, लावली तर माय कॉम्प्युटरमध्ये काहीच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ करावी लागते. तिथं एमबीआर का जीपीटी (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती) विचारतो, मी पहिलं दिसलं ते दाबलं, एमबीआर, तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येईना. पुसून जीपीटी केल्यावर पूर्ण आली. ताजी होती म्हणून बरं, डेटा भरल्यावर कळलं असतं तर सगळं कुठंतरी हलवत बसलो असतो.
गरमीचं विचारलंय ना, तर माझं कॅबिनेट टीव्हीच्या लाकडी कपाटात होतं, दार लावून, धूळ नको म्हणून. मे मध्ये डिस्कचं तापमान ५७ दाखवलं. दार काढून टाकलं, पुढं एक पंखा लावला, आता ४५ च्या वर जात नाही. धूळ महिन्याला पुसतो.

तेरणाकाठ, धाराशिव
पिक्चर टीव्हीवर बघणारांसाठी. ड्राइव्हचं फॉरमॅट फॅट३२ असलं की ४ जीबीच्या वरची फाईल जातच नाही, जागा रिकामी असून 'फाईल टू लार्ज' म्हणतो. एक्सफॅट करा, पण टीव्ही वाचतो का ते आधी छोट्या पेन ड्राइव्हवर बघा, आमचा जुना टीव्ही वाचत नव्हता. आणि बाहेरची हार्ड डिस्क टीव्हीला लावून मधेच बंद पडायली तर तिला करंट पुरत नसतो, कॉम्प्युटरला लावून बघा म्हणजे कळेल.

कयाधू, हिंगोली
पॉवर सप्लायला साटाची पिन उरली नाही म्हणून मोलेक्स टू साटाचं (जुन्या चार पिनांच्या वायरीवरून साटाची पिन करून देणारं) स्वस्त कनेक्टर लावलं होतं, ओतीव प्लास्टिकचं. ते जळालं. वास आला म्हणून वाचलो, डिस्क वाचली नाही. घ्यायचंच तर वायरी वेगळ्या दिसतात तसलं घ्या, नाहीतर पॉवर सप्लायच बदला.

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज कॅबिनेट उघडलं. एम.२ स्लॉट आहे आणि मॅन्युअलात एनव्हीएमई चालते असं लिहिलंय. तर १ टीबी एनव्हीएमई विंडोज आणि गेमला, स्टीममधून (गेम घ्यायचं आणि चालवायचं ॲप) गेम तसेच तिकडं हलवतो, परत डाउनलोड नको. जुनी डिस्क पिक्चरला, पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फो. आणि इन्व्हर्टरचं बटण बघितलं ताई, आमचं पण इकोवरच होतं. आता बदललं. तुमच्या उरलेल्या व्हिडिओंची दुसरी कॉपी काढली ना?

गंजगोलाई, लातूर
काढली. एक इथं कपाटात आहे, एक नणंदेकडं उदगीरला ठेवली. तिच्या मोबाईलमध्ये बघितलं तर रांगेचा एक छोटा व्हिडिओ तिनं पण काढलेला होता, बारा सेकंदांचा. तो पण घातला त्यात.