संविधान आणि विधिमंडळाचं कामकाज यात संशोधन करायचंय, सुरुवात कुठून?

कलम_कसाई
एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला, पुण्यात. वकिली करायची नाही. अध्यादेश, पक्षांतरबंदी, विधेयक समितीकडे न पाठवता उरकणं यातच रस आहे. पुढे संशोधन आणि शिकवणं. पुढच्या शिक्षणाला दोन लाखांच्या वर जमणार नाही. काय करू?

टेम्सकाठचा
मी एलएल.एम. लंडनला केलं. बाहेरच जा. कर्ज मिळतं.

आडव्हॉकेट
+१. दोन लाखांत हल्ली लग्नाचा हॉलसुद्धा मिळत नाही. पण आधी पाच वर्षं कोर्टात काढ. कोर्टाची पायरी न चढलेला माणूस संविधान काय शिकवणार?

टेम्सकाठचा
तेच म्हणतोय, बाहेर जा.

तासिकावाला
सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतोय. मागच्या सत्राचं मानधन अजून आलेलं नाही, नवं सत्र सुरू झालंय. नुसत्या नेट-सेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या, भरवशावर राहू नका, नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती काढा. महिना ३७,००० मिळतात, पीएच.डी.ची पहिली वर्षं निभावतात.

मुळामुठा
कलम_कसाई, डी. सी. वाधवांचं काम बघा. गोखले इन्स्टिट्यूटमधले. बिहारचं राजपत्र चाळत बसले आणि १९६७ ते १९८१ मधले २५६ अध्यादेश हुडकून काढले. विधिमंडळात न आणता तेच तेच पुन्हा काढायचे, काही तर दहा-दहा वर्षांहून जास्त जगवले. स्वतः सुप्रीम कोर्टात गेले, १९८६ ला निकाल लागला, कोर्टाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली आणि बिहार सरकारने वाधवांना खर्चापोटी १०,००० रुपये द्यावेत असं सांगितलं.

आडव्हॉकेट
ते अर्थशास्त्राचे. इथे गैरलागू.

मुळामुठा
अहो, म्हणूनच सांगतोय! वकिलांच्या आधी त्यांना दिसलं.

आडव्हॉकेट
अध्यादेश अनुच्छेद १२३.

मुळामुठा
तो राष्ट्रपतींचा. राज्यपालांचा २१३.

पायरीवरून
पीआरएस या संसदेच्या कामावर संशोधन करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप कुणी कशी सांगितली नाही? वय पंचविशीच्या आत हवं. मी केलीय. एका खासदाराबरोबर काम, पावसाळी अधिवेशनापासून. तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी द्यायची, त्यात एक शब्द सैल पडला की मंत्री ‘माहिती गोळा केली जात आहे’ म्हणून मोकळे. संसद कळायला एवढं पुरे.

नागपुरी_संत्रं
पक्षांतरबंदीवर आता काय संशोधन राहिलं? शिवसेनेच्या फुटीवरचा सुप्रीम कोर्टाचा ११ मे २०२३ चा निकाल वाचा. आमदारांची अपात्रता विधानसभा अध्यक्षांनीच ठरवायची, झालं.

आडव्हॉकेट
झालं कसं? मुदत काय?

व्यवस्थापक
पक्षीय चर्चा नको, वेगळा धागा काढा. चार प्रतिसाद उडवले आहेत.

कलम_कसाई
सगळ्यांचे आभार. एलएल.एम. करतच नाहीये. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करतोय, फी परवडते. लॅम्पचा अर्ज भरीन.

आडव्हॉकेट
एलएल.एम.शिवाय लॉ कॉलेजात कायदा शिकवता येत नाही. नंतर रडू नका.

कलम_कसाई
पाच वर्षांच्या लॉ कोर्सला राज्यशास्त्र असतंच की.

तासिकावाला
असतं. तेही सीएचबीवरच.

टेम्सकाठचा
बँकेत विचारलंत का?