पहिल्याच डाइव्हला शार्क दिसला तर?

बोडीकाठ (लाखांदूर, भंडारा)
राम राम मंडळी. धानाची मळणी आटोपली की डिसेंबरात लक्षद्वीपला जाऊन रायलो, कदमत बेटावर ओपन वॉटर कोर्स (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) करायला. पोहणं गावच्या बोडीतच शिकलो, पाण्याचं भ्या नाही. पण तिकडं शार्क दिसतेच म्हणते. आईनं हे ऐकलं तेव्हापासून जेवतानाही तोच विषय. कोणी पाहिला आहे का? नेमकं काय होते?

सारसवाला (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)
पाहिला ना बावा, तिथंच.

आपण तलावात वाढलेली माणसं. नवेगावबांधला डुबकी मारली की स्वतःचा हात दिसत नाही, पायाला वेल गुंडाळला की समजते. तिथं पार लांबचं लख्ख दिसत होतं, अन् मला त्याचंच जास्त भ्या वाटलं. इन्स्ट्रक्टरनं हात कपाळावर उभा धरला. शार्कची खूण ती. बारा मीटरच्या आसपास असू.

कपारीखाली वाळूवर व्हाइटटिप रीफ शार्क पडला होता. माझ्याहून आखूडच. पाठीवरच्या पराचं टोक पांढरं, डोळ्यात मांजरीसारखी उभी फट. कल्ल्यांच्या चिरा एकेक उघडत-मिटत होत्या. थांबला की शार्क मरतो म्हणते, ते सगळ्यांना लागू नाही. हा तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतो, म्हणून दिवसा निवांत पडून राहते अन् शिकारीला रात्री निघते.

माझा श्वास सुटला भात्यासारखा नाही, थेट मोटरपंपच! बुडबुडे उठले तसा तो उठला, एक वळसा घेतला अन् गेला. माझ्या टाकीतली हवा दाखवणाऱ्या गेजवरचा काटा मात्र झरझर खाली.

तर ध्यानात ठेव: कपारीच्या तोंडाशी आडवा होऊ नको, त्याची वाट मोकळी ठेव. हात लावू नको. अन् घाबरून श्वास कोंडून वर तर अजिबात सुटू नको. दहा मीटरवरून वर येईस्तोवर फुफ्फुसातली हवा दुप्पट फुगते, फुफ्फुस फाटू शकते. शार्कच्या आधी हे डोक्यात बसव.

मोहफूल (सिंदेवाही, चंद्रपूर)
मी समुद्रात उतरलो नाही, उतरणारही नाही. पण जगभरात शार्कनं वर्षाला सरासरी दहाच्या आतच माणसं मरते. आमच्या एका जिल्ह्यात वाघानं त्याहून कितीतरी जास्त जाते, तरी मोहाच्या दिवसांत अर्धं गाव पहाटेच टोपली घेऊन जंगलात असते. आईला हा हिशेब सांगू नको मात्र. ती तुझं जंगलात जाणंही बंद करेल.

बोडीकाठ
हाहा, तिनं वाचलं बी. सारसवाले भाऊ, शेवटच्या दिवशी दुपारी एक डाइव्ह अन् दुसऱ्या दिवशी सकाळी अगत्तीहून विमान. जमते का?

सारसवाला
नाही जमत. रोज डाइव्ह होत असल्या की शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमान नको. अंगात मुरलेला नायट्रोजन निघायला वेळ लागते. तिकीट दुपारनंतरचं घे, नाहीतर ती डाइव्ह सकाळी उरकव. परमिटचा अर्ज आताच टाक, त्याच्याशिवाय बेटावर पाय ठेवता येत नाही. अन् मळणीच्या धुळीनं नाक चोंदलं असलं तर बरं होईस्तोवर उतरू नको. कानातलं प्रेशर सुटत नाही, लय दुखते.