मदत हवी आहे: आईच्या वर्षाच्या मिस्साला भाऊ येणार नाही म्हणतो

वाडीतली_मोठी:
रविवारी आईची पहिली पुण्यतिथी. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आईसाठीची उपासना, संध्याकाळी अंगणातल्या क्रूसापाशी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आम्ही कॅथलिक, धाकटा आता दुसऱ्या चर्चला जातो. म्हणतो, "मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलात दाखव, येतो." मी काय पंडित नाही. भांडण न होता याच्याशी बोलायचं कसं? लवकर सांगा, चारच दिवस आहेत.

वचन_पक्कं:
2 मक्काबी 12:43-46. पाठवून द्या, विषय संपला.

केळीची_बाग:
अहो, त्याच्या बायबलात ते पुस्तकच नसणार! कॅथलिकांची पुस्तकं 73, प्रॉटेस्टंटांची 66. मक्काबी त्या वरच्या सातांतलं. ताई, भाऊ जातो कुठल्या प्रॉटेस्टंट चर्चला? सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया? ब्रदरन? ते सांगितल्याशिवाय काय बोलणार?

वचन_पक्कं:
सात पुस्तकं काढली कोणी, ते विचारा आधी.

केळीची_बाग:
इथिओपियाच्या चर्चकडे 81 आहेत. ते तुम्हाला विचारतील, बाकीची कुठे ठेवलीत म्हणून.

मालवणी_खाजा:
ता वाद ऱ्हवांदे. जेवणाक काय करतल्यात? तळलेले फुगे आसतले तर मी वेंगुर्ल्याहून येतंय.

वाडीतली_मोठी:
सीएनआय नाही. नालासोपाऱ्याला एका विश्वासी मंडळीत जातो, दोन वर्षं झाली. तिथे परत बाप्तिस्माही घेतला.

वचन_पक्कं:
परत? स्नानसंस्कार एकदाच होतो.

देवळाबाहेरचा:
तुमच्या हिशेबी परत, त्याच्या हिशेबी पहिल्यांदा. शब्दसुद्धा बघा, तुम्ही स्नानसंस्कार म्हणता, तो बाप्तिस्मा. मी सीएनआयचा. 1970 ला आमचं चर्च झालं तेव्हा त्यात बॅप्टिस्टही आले, म्हणून आमच्यात तान्ह्या बाळांचाही होतो आणि कळत्या वयातलाही. एका छपराखाली चालतंय.
ताई, आमच्या मंडळीतही मृतांसाठी मागत नाही, पण त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो. त्याला "ये आणि प्रार्थना कर" म्हणू नका. "आईसाठी योहान 14 तू वाच" म्हणा. ते दोन्ही बायबलांत आहे. वर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन घ्या. माणूस आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातला, त्यावर कोणी भांडत नाही.
पण एक विचारतो. "दाखव, येतो" हे त्याने उगाच काढलं का?

वाडीतली_मोठी:
नाही. दफनाच्या दिवशी तो क्रूसापुढे वाकला नाही. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "आला हालेलुयावाला." आम्ही हसलो. मीपण. तो चपला हातात घेऊन तसाच निघाला.

केळीची_बाग:
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना, ताई! आम्ही इकडे पुस्तकं मोजत बसलो.

देवळाबाहेरचा:
मग योहान नंतर. आधी हसलात त्याची माफी मागा. फोनवर, ग्रुपवर नाही.

जुना_बावखल:
फुग्यांचं पीठ ताडीवर फुगवायचं. यीस्टने ती चव येत नाही.

वचन_पक्कं:
माफी ठीक, पण सत्य सत्यच राहतं.

केळीची_बाग:
राहू दे. रविवारपर्यंत ते कुठे जात नाही.

वाडीतली_मोठी:
केला फोन. बराच वेळ गप्प होता. मिस्साला नाहीच येणार. संध्याकाळी येईन म्हणाला, रोजरी होईपर्यंत ओट्यावर बसेन, मग वाचेन. आईचं जाड अक्षरांचं बायबल काढून ठेव म्हणाला. फक्त मामाने तोंड उघडायचं नाही. आता मामाला कोण सांगणार?

वचन_पक्कं:
मक्काबी पाठवलंत का?