मचम्युझिक कशाने संपलं? यूट्यूबने की मालकांनी?

क्वीनस्ट्रीटकर:
परवा मुलगा म्हणाला, "बाबा, मचम्युझिक म्हणजे ते टिकटॉकवरचं ना?" फार वाईट वाटलं. आमच्यासाठी मचम्युझिक म्हणजे कॅनडातलं गाण्यांच्या व्हिडिओंचं टीव्ही चॅनल. २०२१ मध्ये ते नाव टिकटॉकवर आणलं हे खरं. पण ज्यांनी टोरंटोतली २९९, क्वीन स्ट्रीट वेस्ट ही इमारत पाहिली आहे, त्यांना चॅनलचा तो स्टुडिओ आठवत असेल. थेट फुटपाथवर उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या होत्या त्याला.

१९८९ च्या हिवाळ्यात मी इथे नवा होतो, ओळखीचं कुणी नाही. संध्याकाळी त्या खिडकीशी जाऊन उभा राहायचो. आत 'इलेक्ट्रिक सर्कस'चा नाच थेट प्रक्षेपित व्हायचा, बाहेर थंडीत माणसं काचेला नाक लावून, आणि आत हातात माईक घेतलेली मोनिका देओल. आपल्या रंगाची मुलगी, तीही देशीबांधवांसाठीच्या कार्यक्रमात नव्हे, सगळ्यांच्या नाचाच्या कार्यक्रमात. मला त्या शहरात पहिल्यांदा जरा बरं वाटलं ते तिथे.

मोझेस झ्नायमर आणि जॉन मार्टिन यांनी ३१ ऑगस्ट १९८४ ला चम कंपनीतर्फे हे चॅनल सुरू केलं. २००७ मध्ये ते सीटीव्ही ग्लोबमीडियाकडे गेलं, २०११ मध्ये बेल या टेलिफोन कंपनीकडे. २०१३ मध्ये नावातून 'म्युझिक' काढून नुसतं 'मच' ठेवलं. नावात म्युझिक उरलं नाही तेव्हाच कळायला हवं होतं. माझं मत स्पष्ट आहे: मालकांनी मारलं.

मिसिसागाची_माई:
असहमत. तुमच्या भावना समजतात, पण हिशोब बघा. गाणं तीन-चार मिनिटांचं. नाही आवडलं की माणूस चॅनल बदलतो. अर्ध्या तासाची मालिका त्याला धरून ठेवते, जाहिरात तिथे विकली जाते. २००५ नंतर हवं ते गाणं हवं तेव्हा यूट्यूबवर मिळायला लागलं. माझ्या मुलीने टीव्हीवरच्या गाण्यांच्या काउंटडाउनची वाट बघणं सोडलं ते कुठल्याही मालकाने सांगितलं म्हणून नाही. भारतात तरी काय झालं? १९९६ मध्ये आलेल्या एमटीव्ही इंडियाची गाणी मागे पडली आणि 'रोडीज' पुढे आलं. दोन देश, मालक वेगळे, शेवट एकच.

क्वीनस्ट्रीटकर:
माई, गाणी पडद्यावरून गेली याचं खापर मी एकट्या मालकांवर फोडत नाही. पण निधीचं काय? परवान्यासोबत चॅनलवर एक जबाबदारी होती. उत्पन्नातला ठराविक वाटा कॅनडातल्या कलाकारांचे व्हिडिओ बनवायला द्यायचा. त्या निधीचं नाव आधी 'व्हिडिओफॅक्ट', नंतर 'मचफॅक्ट'. २०१७ मध्ये सीआरटीसीने, म्हणजे प्रसारणाचे परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेने, परवान्याच्या नूतनीकरणात ती अट काढली आणि बेलने निधी त्याच वर्षी बंद केला. यात यूट्यूबचा काय संबंध?

विनिपेगहून:
मला या सगळ्या आठवणी टोरंटोच्या वाटतात. चॅनल स्वतःला 'द नेशन्स म्युझिक स्टेशन' म्हणायचं, पण खिडकी एकाच रस्त्यावर उघडत होती. फ्रेंचसाठी १९८६ मध्ये माँट्रियालला म्युझिकप्लस काढावं लागलंच. आणि रॅपला बराच काळ 'रॅपसिटी' या एका कार्यक्रमापुरती जागा होती. चॅनलचे निवेदक मास्टर टी यांनी काळ्या संगीतासाठी 'द मिक्स' हा कार्यक्रम उभा केला, पण हे मुख्य कार्यक्रमात का नव्हतं, असं मला तेव्हाही वाटायचं. त्या काळाला सुवर्णयुग म्हणताना एवढं तरी धरा.

हॅमिल्टनवासी:
विनिपेगहून, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण निधीबद्दल मी बोलणारच, कारण मी त्या पैशावर काम केलंय. १९९७ मध्ये एका अनोळखी बँडच्या व्हिडिओवर मी दिवे लावायला होतो. एक जुनं गोदाम दोन दिवस भाड्याने, तीन दिवे, उधारीवरचा कॅमेरा. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता एक बल्ब फुटला आणि दुसरा आणायला पैसे होते, ते त्या अनुदानामुळेच. दिग्दर्शिका पंचविशीची होती, तिचं ते पहिलंच काम. अशा शेकडो जणांचं पहिलं काम त्या पैशातून झालं. यूट्यूबवर व्हिडिओ टाकता येतो, पण बल्ब कोण देतो?

मिसिसागाची_माई:
बल्बचा मुद्दा मान्य. निधी बंद करणं चूकच होतं, आणि ती चूक मालक आणि सरकारी संस्था दोघांची. पण चॅनलवरून गाणी गेली तरी निधी राहायला हवा होता, असं मी म्हणेन. चॅनल आणि निधी एकत्र बांधले म्हणून गाणी गेल्यावर निधीही गेला.

क्वीनस्ट्रीटकर:
इथे मी तुमच्याशी निम्मा सहमत. पण चॅनल नसतं तर तो व्हिडिओ लावला असता कोणी? हॅमिल्टनवासी, लागला का हो तो?

हॅमिल्टनवासी:
लागला. रात्री उशिरा 'द वेज' या कार्यक्रमात, निवेदिका सूक-यिन ली यांनी बँडचं नाव उच्चारून. गायकाच्या आईने व्हीएचएसवर टेप केलं. रेकॉर्ड बटण उशिरा दाबलं गेलं, सुरुवातीची दोन सेकंदं नाहीत. टेप अजून त्यांच्या कपाटात आहे.