सल्ला हवा: पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) कागदावर प्युरिटी ९८% आणि नेट कंटेंट ८०%, हिशेबात कुठला आकडा धरायचा?

मिऱ्याकाठ:
रत्नागिरीत एमएस्सीचा प्रकल्प आहे. मागवलेलं पेप्टाइड: ५ मिग्रॅ, टीएफए सॉल्ट (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेटचं मीठ), रेणुभार १५०० (मिठाशिवाय). १ मिलिमोलर (लिटरमागे १ मिलिमोल) स्टॉक द्रावण करायचंय. या दमट हवेत कुपी उघडताना काय जपू?

सुरमई_१२:
८० धरा. प्युरिटी म्हणजे एचपीएलसीच्या (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखात दिसलेल्या पेप्टाइडांपैकी तुमचं किती. उरलेले २% बहुधा एखादं अमिनो आम्ल गळालेल्या साखळ्या. पाणी आणि मीठ त्यात मोजलंच जात नाही. ते नेट कंटेंटमध्ये कळतं: भुकटीच्या वजनात खरं पेप्टाइड किती. बाकीचा ओलावा आणि ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट. लायसिन, आर्जिनिन, हिस्टिडिन आणि एन-टोक (साखळीचं सुरुवातीचं टोक) यांच्या धन प्रभाराला ते चिकटून येतं.

५ × ०.८ = ४ मिग्रॅ, भागिले १५०० म्हणजे २.६७ मायक्रोमोल, म्हणून द्रावक २.६७ मिली. अख्खे ५ मिग्रॅ धरून ३.३३ मिली ओतलंत तर स्टॉक ०.८ मिलिमोलरच होतो. काटेकोर हवं तर ९८%नेही गुणा, २.६१ मिली येईल. पेशींवर वापरणार असाल तर पुढच्या वेळी अ‍ॅसिटेट सॉल्ट मागा, टीएफए तिथे लुडबुड करू शकतं.

खाडीपलीकडे:
फ्रीझरमधली कुपी लगेच उघडू नका. बंदच ठेवून तासभर सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून आत कोरडं ठेवणाऱ्या बंद भांड्यात) राहू द्या. थंड काचेत जुलैची हवा शिरली की भुकटी ओलावा ओढून चिकट होते, मग तो ८०%चा आकडाही खोटा ठरतो. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, भुकटी झाकणाला चिकटलेली असते. चिमूटभर काढून तोलत बसू नका, अख्खी कुपीच विरघळवा.

द्रावक ठरवण्याआधी अमिनो आम्लांच्या क्रमातले प्रभार मोजा. धन जास्त असेल तर आधी पाणी, नाही विरघळलं तर १०% अ‍ॅसेटिक आम्ल. ऋण जास्त असेल तर अगदी थोडं पातळ अमोनिया. पाणी टाळणारं असेल तर थोड्या डीएमएसओत (एक सेंद्रिय द्रावक) विरघळवून बफरमध्ये थेंबाथेंबाने सोडा. पण मेथिओनिन किंवा सिस्टीन असेल तर डीएमएसओ नको, त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, तिथे डीएमएफ हा दुसरा द्रावक.

मग ५०-१०० मायक्रोलिटरचे छोटे वाटे, म्हणजे अ‍ॅलिकॉट करून उणे २० अंशांवर. एक नळी एकदाच वितळवायची. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर टाळा, बर्फ वितळवायला तो अधूनमधून आतून गरम होतो.

मिऱ्याकाठ:
माशांच्या खवल्यांचं कोलाजन पेप्टाइडही आहे. त्यालाही हाच हिशेब?

सुरमई_१२:
नाही. ते हायड्रोलायझेट, म्हणजे प्रथिन तोडून झालेलं लहानमोठ्या अनेक तुकड्यांचं मिश्रण. एकच रेणुभार नाही, तर मोलर कशाचं काढणार? मिग्रॅ प्रति मिली लिहा आणि सोबत डिग्री ऑफ हायड्रोलिसिस, म्हणजे किती टक्के पेप्टाइड बंध तुटले ते. राखेचं (जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचं) प्रमाणही तपासा. खवल्यांतलं कॅल्शियम नीट काढलं नसेल तर तुम्ही खनिजच तोलत असाल.