मदत हवी आहे : तीन विजेऱ्यांचे झोत छायाचित्रात सारखेच का दिसतात?

मुलुंडची_चिटणीस
आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या बाजूला आहे आणि मागच्या कुंपणापलीकडे राष्ट्रीय उद्यानाची झाडी सुरू होते, म्हणून रात्रपाळीच्या रखवालदारांना चांगल्या विजेऱ्या घेऊन द्यायचे कार्यकारिणीने ठरवले आहे. लोहार चाळीतल्या एका दुकानदाराने तीन नमुने पाहायला दिले आहेत, ते सोमवारी सकाळी परत करायचे आहेत. सगळ्या सभासदांना रात्री गच्चीवर बोलावणे शक्य नाही, त्यामुळे प्रत्येक विजेरीचा झोत भिंतीवर टाकून त्याचे छायाचित्र गटावर पाठवावे असा विचार आहे. डोळ्यांना फरक स्पष्ट दिसतो : एकीचा झोत अरुंद आणि प्रखर आहे, दुसरीचा ऐसपैस आहे, तिसरी मध्यम आहे. छायाचित्रात मात्र तिन्ही ठिकाणी एकच पांढराफटक गोळा उमटतो आणि एक तर चक्क निळसर दिसते. नेमकी कोणती सेटिंग्ज ठेवावीत एवढेच सांगावे. ‘नवा कॅमेरा घ्या’ हे उत्तर कृपया नको. आगाऊ आभार.

खिडकीतला_कॅमेरा
छायाचित्र कशाने काढता, फोनने की कॅमेऱ्याने? स्वयंचलित मोडवर की मॅन्युअलवर? भिंत किती अंतरावर आहे, तिचा रंग कोणता, आणि त्या वेळी आजूबाजूचे दिवे चालू असतात का? हे कळल्याशिवाय सेटिंग सांगणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध लिहून देणे होईल.

लक्समापक
ताई, मुळात छायाचित्राच्या नादी लागूच नका. लॅमिंग्टन रोडवर साधा लक्समीटर (उजेड मोजायचे यंत्र) मिळतो, तो घ्या. विजेरीपासून पाच मीटरवर झोताच्या मध्यभागी जेवढे लक्स (पडणाऱ्या उजेडाचे एकक) येतील त्यांना २५ ने गुणले की कँडेला (झोताच्या प्रखरतेचे एकक) मिळतात, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जातो. ज्या अंतरावर फक्त पाव लक्स प्रकाश उरतो ते अंतर विजेऱ्यांच्या एफएल-१ या मानकात झोताचा पल्ला म्हणून धरतात. कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की तो मीटरमध्ये मिळतो. म्हणजे १०,००० कँडेलाच्या विजेरीचा पल्ला २०० मीटर. खोक्यावर ‘एक किलोमीटर’ छापले असेल तर त्यासाठी अडीच लाख कँडेला लागतात, हे दुकानदाराला आवर्जून ऐकवा.

मुलुंडची_चिटणीस
फोनने काढते. फोन कोणता याने काय फरक पडणार? भिंत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची आहे, साधी पांढरी. लक्समीटरबद्दल आभारी आहे, परंतु ‘चार हजार कँडेला’ असे गटावर लिहिले तर कोणाला काहीही बोध होणार नाही. सभासदांना चित्र पाहायचे आहे.

खिडकीतला_कॅमेरा
फोन आपल्या परीने चित्र ‘चांगले’ करायला पाहतो, घोळ तिथेच होतो. झोत प्रखर असला की फोन शटर लवकर मिटतो, मंद असला की जास्त वेळ उघडे ठेवतो आणि वर अनेक फ्रेम एकमेकांत मिसळून अंधारातला भागही उजळवतो. विजेऱ्यांतला जो फरक तुम्हाला दाखवायचा आहे, तोच असा पुसला जातो. निळसरपणाचे कारणही हेच आहे, कारण व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता रंग पांढरा धरायचा ते, दर वेळी नव्याने ठरतो.

फोनमध्ये प्रो मोड (सेटिंग्ज हाताने ठरवायची सोय) असेल तर तो वापरा. नसेल आणि फोन अँड्रॉइड असेल तर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत ॲप घ्या, बहुतेक फोनवर त्यात हे सगळे हाताने ठरवता येते. एचडीआर आणि नाइट मोड बंद करा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर, व्हाइट बॅलन्स ५००० केल्व्हिनवर आणि फोकस भिंतीवर पक्का करा. फोनचे ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) बहुधा बदलत नाही, त्यामुळे हाताशी फक्त शटर उरते. ते सर्वांत प्रखर विजेरीवरून ठरवा : मधला गोल पांढराफटक न होता त्यातली चढउतार जेमतेम दिसेल असा वेग शोधा. भिंत तीन मीटरवर असेल तर १/२०० सेकंदापासून सुरुवात करायला हरकत नाही. मग उरलेल्या दोन विजेऱ्यांसाठी त्याला अजिबात हात लावू नका. एखादी फारच काळी आली तरी येऊ द्या, तीच माहिती आहे.

सह्यवाटा
भिंतीवरच्या चित्राला माझ्या लेखी काही अर्थ नाही. रखवालदार भिंत पाहणार आहे की झाडी? आम्ही रात्रीच्या चढाईला जातो तेव्हा मोकळ्यावर नेऊनच विजेरी पारखतो. उद्यानाच्या ठाण्याकडच्या भागात, येऊरच्या बाजूला जा, खरा पल्ला तिथे कळेल.

खिडकीतला_कॅमेरा
उद्यानाच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा असे सल्ले येथे देऊ नयेत ही विनंती. शिवाय पावसाळ्यात हवेत एवढे बाष्प असते की बाजूने पाहिलेला कोणताही झोत तलवारीसारखा लखलखतो. तो प्रकाश हवेतल्या कणांवरून विखुरलेला असतो, त्यावरून समोर किती उजेड पोहोचला ते कळत नाही.

सह्यवाटा
परवानगीचे मान्य आहे. पण मग सोसायटीच्याच आवारात, कुंपणाच्या दिशेने काढा ना. ताई, कुंपण प्रवेशद्वारापासून किती लांब आहे, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.

निवृत्त_भौतिकी
दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून वाद न वाढवता एक युक्ती सांगतो. भिंतीच्या एका कोपऱ्यात, झोताच्या बाहेर पण चौकटीच्या आत, एक झिरोचा बल्ब सतत चालू ठेवा. तिन्ही छायाचित्रांत तो बल्ब सारखाच उजळ दिसला तर एक्स्पोजर बदललेले नाही याचा पुरावा चित्रातच राहतो. ‘अमुक विजेरीचे चित्र मुद्दाम उजळ काढले’ असे म्हणायला मग कोणाला जागा उरत नाही, आणि सोसायटीच्या सभांचा जो काही अनुभव गाठीशी आहे त्यावरून हे म्हणणारा एक जण तरी निघतोच. सगळ्या विजेऱ्या बंद ठेवूनही एक छायाचित्र काढावे, म्हणजे शेजारच्या टॉवरचा किती उजेड भिंतीवर पडतो ते वेगळे कळेल.

दुसरे असे की आकडा हवाच असेल तर तो फोनच देतो. अरुंद झोताचा मधला गोल १/२०० सेकंदाला जेवढा उजळ दिसतो, तेवढाच ऐसपैस झोताचा गोल १/५० सेकंदाला दिसला, तर पहिलीचा मध्य सुमारे चौपट प्रखर आहे. मात्र ही तुलना केवळ मध्यबिंदूची झाली, एकूण प्रकाशाची नाही. एकूण प्रकाशाचा अंदाज हवा असल्यास विजेरी बंद खोलीत छताकडे रोखून, छताचा उजेड जिथे पसरतो अशा कडेच्या भिंतीचे छायाचित्र त्याच पद्धतीने काढावे.

लक्समापक
हाच आकडा लक्समीटर दोन सेकंदांत देतो, तेही अधिक अचूक.

निवृत्त_भौतिकी
देतो, पण एका बिंदूचा. कडेचा फिकट पसारा कसा आहे, त्यात काळी वर्तुळे पडतात का, हे मीटर सांगत नाही, आणि बाईंचा प्रश्न झोताच्या आकाराचाही आहे.

सेल_आणि_चार्जर
सेल कोणते आहेत ते पाहिले का? १८६५० मापाचे सुटे सेल घेताना त्यांवर ९९०० एमएएच (क्षमतेचे एकक) छापलेले असेल तर हात लावू नका. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते. संरक्षक सर्किट असलेलेच सेल घ्या आणि रखवालदारांच्या केबिनमध्ये चार्जर रात्रभर लावून ठेवू देऊ नका.

मुलुंडची_चिटणीस
सेलचा प्रश्न मी विचारलेला नाही, तरी आभार. कुंपण प्रवेशद्वारापासून साधारण साठ मीटरवर आहे. सांगितल्याप्रमाणे छायाचित्रे काढली. फरक आता उत्तम दिसतो आणि निळसरपणाही गेला. दोन अडचणी उरल्या आहेत. अरुंद झोताच्या विजेरीचा मध्य नीट येतो, पण कडेचा पसारा पूर्ण काळा दिसतो. आणि मध्यम विजेरी कमी उजेडाच्या पायरीवर लावली की चित्रात आडवे काळे पट्टे येतात, जे डोळ्यांना मुळीच दिसत नाहीत. ती बिघडलेली आहे का?

खिडकीतला_कॅमेरा
बिघडलेली नाही. प्रकाश कमी करण्यासाठी ती एलईडी अतिशय वेगाने चालू-बंद करते, आणि फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचत असल्याने तो खेळ पट्ट्यांच्या रूपात पकडला जातो. शटर १/३० पर्यंत लांबवले की पट्टे पुष्कळसे विरतात. प्रकाश जास्त होत असल्यास आयएसओ ५० करा किंवा भिंतीपासूनचे अंतर दुप्पट करा, प्रकाश चौथाई होईल. बदल कोणताही करा, तिन्हींना सारखाच लागू करा.

पसाऱ्यासाठी दुसरा संच काढा. पहिल्या संचात शटर १/२०० असेल तर दुसऱ्यात १/१५ ठेवा. मध्य जळेल, जळू द्या. मध्य आणि कड यांच्यातला फरक एका चित्रात मावत नाही. सेल तिन्हींचे पूर्ण भरलेले असावेत, आणि विजेरी लावल्यावर एक मिनिटाने छायाचित्र घ्यावे, कारण बऱ्याच विजेऱ्या पहिल्या काही क्षणांत झगझगतात आणि तापल्या की उतरतात. एफएल-१ मानकातही प्रकाश तीस सेकंद ते दोन मिनिटे या अवधीत मोजतात. रखवालदाराची फेरी लांब असते, म्हणून मी तर दहा मिनिटांनंतरचेही एक चित्र काढेन.

सह्यवाटा
साठ मीटर असेल तर १०,००० कँडेलाची विजेरीही कुंपणावर पावणेतीन लक्स टाकते, ती चांदण्याच्या कितीतरी पट झाली. त्यापुढची प्रखरता काय कामाची? ऐसपैस झोताचीच घ्या. पायाखालचे आणि दोन्ही बाजूंचे दिसणे महत्त्वाचे. बिबट्याचे डोळे चमकलेले दिसायला विजेरी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरावी लागते, कारण ती चमक प्रकाश आला त्याच दिशेने परतते. हे रखवालदारांना जरूर शिकवा.

लक्समापक
ऐसपैस झोतात ते १०,००० कँडेला राहतात कुठे? तोच प्रकाश पसरला की मध्य उतरतो. आधी मोजा, मग निवडा.

निवृत्त_भौतिकी
पाठवण्यापूर्वी एवढे करावे. तिन्ही छायाचित्रे सुटी न पाठवता शेजारी शेजारी जोडून एकच चित्र करावे आणि त्यावरच शटर व अंतर लिहावे. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते आणि प्रत्येकाच्या पडद्याचा उजेड निराळा असतो. चित्र एकच असले म्हणजे जे काही होईल ते तिन्ही झोतांना सारखेच होईल. गॅलरीतले आपोआप ‘सुधारणारे’ बटण चुकूनही दाबू नये.

मुलुंडची_चिटणीस
जोडचित्र गटावर टाकले आहे. दोन सभासदांनी ऐसपैस झोताला मत दिले, आणि कोषाध्यक्षांनी झिरोच्या बल्बचे वीजबिल कोण भरणार असे विचारले आहे. कुंपणाच्या दिशेचे छायाचित्र आज रात्री काढते. त्यासाठी फोन स्टँडवर ठेवून शटर एक सेकंद ठेवले तर चालेल का?

खिडकीतला_कॅमेरा
चालेल. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. कुंपणाजवळ एखादी पांढरी बादली ठेवून झोत तिच्यावरच रोखा, कारण ओली पाने आणि काळोख यांत फोनला फोकस सापडत नाही.

सेल_आणि_चार्जर
चार्जरचे काय ठरले ते मात्र कोणीच सांगितले नाही.